कचऱ्याच्या खड्ड्यावरचा पहारा

“हा अस्थमा नव्हताच,” डॉक्टर म्हणाल्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट आमच्याकडे वळवला. बायोप्सी म्हणजे फुप्फुसाचा बारीकसा तुकडा काढून केलेली तपासणी. आजाराचं नाव निघालं कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस. श्वासाच्या सगळ्यात बारीक नळ्यांवर व्रण धरतात आणि त्या आवळत जातात. एकदा आवळलेली नळी पुन्हा उघडत नाही.

मला काहीच वाटलं नाही. समोर सॅनिटायझरची बाटली होती, तिच्याकडे बघत बसले. माझा नवरा नचिकेत “थँक यू, डॉक्टर” म्हणाला. आता काय बोलावं या माणसाला!

नचिकेत मेलबर्नला वाढला. तिथे पोलीस कॉन्स्टेबल होता. मग ती नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात गेला, अफगाणिस्तानात राहून आला. आमचं लग्न त्यानंतरचं. माझ्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला आलो.

सुरुवात जिन्यावर झाली. धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन वर जाताना तो मध्येच थांबायचा. “म्हातारा झालास रे!” मी चिडवायचे. मग बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, अस्थम्याचा पंप दिला, मग पंप बदलला. एक्स-रे क्लिअर. रेफरल, वेटिंग लिस्ट, परत पंप. स्पायरोमेट्रीत नळीत जोर लावून फुंकायचं असतं, त्यातही ठोस काही कळेना.

आमचं घोडं अडलं होतं त्याच्या उत्तरांपाशी. कोर्टात साक्षी देऊन देऊन लागलेली सवय, विचारलं तेवढंच सांगायचं. सिगरेट ओढता? नो. घरात बुरशी आहे? नो. केमिकलच्या फॅक्टरीत काम केलंय? नो. एकही उत्तर खोटं नव्हतं. मी शेजारी बसून चरफडायचे, पण मला तरी कुठे काय माहीत होतं?

शेवटी चेस्ट क्लिनिकमध्ये या डॉक्टर भेटल्या, मूळच्या कोल्हापूरच्या. आडनाव वाचून मराठीतच सुरू झाल्या. तपासून झाल्यावर सहज म्हणाल्या, “तिकडे सैन्यात जेवणाचं काय करायचात हो?”

“सगळं पाकिटातलं. खाल्लं की पाकीट पिटमध्ये जाळायला.”

“कसलं पिट?”

“कचऱ्याचा मोठा खड्डा. प्लास्टिक, बॅटऱ्या, सगळं डिझेल ओतून पेटवायचे. मी एक्स-पोलीस ना, म्हणून तिथे पहारा माझा. सैन्याचे गुप्त कागदही त्यातच जायचे, ते पूर्ण जळले का बघायचं. आगीच्या काठाशीच उभा असायचो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलं नाही.”

त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्यानंतर स्कॅन, मग बायोप्सी, आणि मग तो रिपोर्ट.

बरं होणार नाही, आहे तेवढा श्वास टिकवायचा. पंपांवर गेलेला वेळ परत येणार नाही. पण पुढच्या तपासणीत आकडे घसरले नव्हते. “स्टेबल,” डॉक्टर म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर डॉक्टरांपुढे त्याच्या जुन्या नोकऱ्या, जुनी ठिकाणं, सगळं ओका. विचारोत न विचारोत.

त्या रविवारी सकाळी नचिकेत आपणहून फोन घेऊन बसला. खड्ड्यावर त्याच्याबरोबर आणखी काही जण आळीपाळीने उभे राहायचे. त्यातल्या पहिल्याच्या घरी बायकोने फोन उचलला. तो गेला, म्हणाली, गेल्या वर्षी. अस्थमा होता.

नचिकेतने तिला त्या धुराबद्दल सांगितलं, दम खात, थांबत थांबत. मग तिने आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव विचारलं आणि एकेक अक्षर लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

“अगं, थांब जरा,” तो म्हणाला, दोन घोट पाणी प्यायला आणि पुढचा नंबर लावला.