तिची आठ दिवसांची सुट्टी

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला यंदाच्या वैशाखात दोन वर्षं तीन महिने झाले. तेवढ्या काळात माझी बायको एकदाही माहेरी राहायला गेली नव्हती. आईला उठवणं, संडासला नेणं, आंघोळ, औषधं, सगळं तिच्याच अंगावर होतं. मग तिची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस वजन उचलायचं नाही. आईचं वजन चोपन्न किलो. बायको आईला आत्या म्हणते. ती मला म्हणाली, "मग आत्यांना आठ दिवस पलंगावरच ठेवायचं का?"

माझी बहीण सांगलीला असते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं तिला आमच्याकडं येता येत नाही. पण फोनवर बेत तिनंच आखला. वहिनीनं आठ दिवस आटपाडीला माहेरी जायचं. आंघोळ आणि लुगडं बदलणं शेजारच्या काकू करतील, सकाळी नऊला एकदा आणि संध्याकाळी सहाला पुन्हा. बाकी सगळं मी. बहीण रोज पाच वाजता फोन करून औषधं आणि रक्तदाब विचारणार. मी साखर कारखान्यात आहे, तिथला हंगाम संपला होता, त्यामुळं मला रजा मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोला बसवून मी सगळी कामं वहीत लिहून घेतली. एक्केचाळीस झाली. ती यादी बघून म्हणाली, "एवढं करते व्हय मी? मग कंबर लयच दमानं गेली म्हणायची."

मी तिला विट्यावरून आटपाडीला जाणाऱ्या गाडीत बसवून आलो.

पहिल्याच दुपारी आईला संडासला नेलं. तिला आजार झाल्यावर मीच घरात तिच्यापुरता कमोड बसवून घेतला होता. तिनं लुगडं मुठीत घट्ट धरलं आणि म्हणाली, "भाईर हो." मी दाराबाहेर थांबलो. थोड्या वेळानं आत जाऊन तिला धुतलं. ती सगळा वेळ भिंतीकडं बघत होती. परत पलंगावर बसवलं तरी माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हटलं, "आई, तू मला धुतलंसच की लहानपणी."

"त्ये येगळं," ती म्हणाली.

मी वहीत वेळ लिहिली आणि यादीतल्या पुढच्या कामाला लागलो.

वहीत सगळं होतं. बायको असताना तीन दिवस मी मुद्दाम मोजलं होतं: आई दिवसातून सहा-सात वेळा संडासला उठायची. माझ्या पहिल्या दिवशी चार वेळा. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दोनच, आणि दोन्ही वेळा काकू आलेल्या असताना. पाण्याचा एक लिटरचा तांब्या मात्र रोज दोनदा भरत होतो. पाणी तेवढंच आणि उठणं कमी, म्हणजे आईची तब्येत सुधारतेय, असा मी हिशोब मांडला. बहिणीला तसं अभिमानानं सांगितलंसुद्धा.

ती म्हणाली, "दादा, पाणी ती पिते का तू नुसता भरतोस?"

"तांब्या रिकामा होतो की."

"बरं," ती म्हणाली. तिला ते पटलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आईला उभं केलं तर तिला चक्कर आली. ओठांवर पापुद्रे धरले होते. एरवी तिचा रक्तदाब वरचा एकशे चाळीसच्या आसपास असतो, तो शंभरवर आला होता. गावातले डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "अंगातलं पाणी कमी झालंय. आज जमेल तेवढं पाजा. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही, तर कराडला नेऊन सलाईन लावू."

त्यांना सोडायला बाहेर गेलो आणि येताना आईच्या खिडकीखाली नजर गेली. वैशाखातली माती, सगळं अंगण भेगाळलेलं, आणि खिडकीखाली हातभर जागा ओली.

मी कारखान्याच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं आहे. उसाची भरलेली गाडी एकदा तोलायची आणि रिकामी झाली की पुन्हा तोलायची, त्याशिवाय कुणाला पावती देत नाही. घरात मात्र मी भरलेला तांब्या मोजला आणि तो कुठं रिकामा होतो ते बघितलं नाही.

आत येऊन विचारलं, "पाणी खिडकीतनं टाकतीस?"

"उकडतंय. मातीला बी लागतंय."

"आई."

मग तिनं सांगितलं. "पोराकडनं धुऊन घ्यायचं व्हय रं ह्या वयात? त्यापरास पाणी न पिल्यालं बरं. आट दिस काय, निघत्यात कसंबी."

"मग मला सांगायचंस. हिला बोलावून घेतलं असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं." तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "तिला फोन करू नगंस. कळलं की मिळंल त्या गाडीनं येईल ती. लय वढलंय तिनं. आट दिस झोपू दे तिला आईच्या घरी."

बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दादा, सलाईन लावायची वेळ आली तर वहिनीला कळवावंच लागेल. नंतर कळलं तर ती आपल्याला कधी माफ करणार नाही." बरोबर होतं तिचं. म्हणजे संध्याकाळपर्यंतचा वेळ माझ्या हातात होता. आईला नुसतं पाणी पाजून भागणार नव्हतं. पिलेलं पाणी तिला माझ्यासमोर लाज न वाटता बाहेर टाकता यायला हवं होतं.

मी स्वतः जाऊन कमोडवर बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या जागेवरून बघितलं. धुवायच्या फवाऱ्याची नळी उजव्या भिंतीला होती. प्लंबर सगळीकडं लावतो तशीच त्यानं लावलेली. आधाराचा दांडाही उजवीकडंच. आणि आईचा चालणारा हात डावा. डाव्या बाजूला नुसती कोरी फरशी.

मी उजवा हात मांडीवर ठेवून डाव्यानं नळी गाठायचा प्रयत्न केला. पाठ पिळवटली तरी हात पोचेना. म्हणजे आईला धुता येत नव्हतं असं नाही. धुवायचा हात तर डावाच असतो. तिला पोचता येत नव्हतं, म्हणून माझी बायको रोज सहा-सात वेळा वाकून ते करत होती. तिच्या कंबरेचं कारण त्या भिंतीवर होतं आणि घरात मोजपट्टी माझ्याकडं होती.

मी आईला खुर्चीत बसवून तिचा डावा हात पुढं आणि बाजूला किती पोचतो ते मोजलं. "कापडं शिवतोस का काय?" ती म्हणाली. बाजूला बावीस इंच. मी अठराच धरले. वेल्डिंगवाल्याकडून दांडा कापून आणला, प्लंबरला दुपारी जेवणावरून उठवून आणलं. तीनला नळी डावीकडं आली, चारला दांडा. तोवर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दर पंधरा मिनिटाला अर्धा पेला. आई तोंड वाकडं करून पीत होती.

साडेचारला तिला नेलं. कमोडवर बसवलं, दांडा हातात दिला आणि दार ओढून बाहेर उभा राहिलो. आतून पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "ये आता."

लुगडं तिनं एका हातानं जमेल तसं खाली घेतलं होतं. अर्धं भिजलं होतं. पण ती माझ्याकडं बघत होती.

पाचच्या फोनला वरचा आकडा एकशे अठरा सांगितला. बहिणीनं दुसऱ्यांदा मोजायला लावला. एकशे वीस आला.

सातव्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. उद्या पहिल्या गाडीनं निघते म्हणाली. आईनं खूण करून फोन मागून घेतला.

"कंबर कशी हाय?"

"बरी हाय, आत्या. तुमी कशा? खरं सांगा, ह्यांना जमतंय का?"

"कसलं जमतंय. वही घिऊन मागं मागं फिरतंय नुसतं. पर तू येऊ नगं. आणिक चार दिस ऱ्हा."

पलीकडं मुसमुसल्याचा आवाज आला. आईनं फोन कानापासून लांब धरून बघितला, पुन्हा कानाला लावला. "रडू नगंस ग. तिकडं आदीच पाणी कमी, डोळ्यातलं कशाला घालवतीस?"

मग बायको हसल्याचं मलाही ऐकू आलं. ती रविवारी येते म्हणाली.

आईनं फोन माझ्या हातात दिला आणि पाय पलंगावरून खाली सोडले.

"ऱ्हायली ती," आई म्हणाली. "चल, धर मला. जायचं हाय."