पाळण्याचं वाक्य

नळाला पाणी येणार नसलं, की माझी बायको तोटी सोडून क्षणभर कान द्यायची आणि मोरीतूनच सांगायची, "आज नाय येत. नुसता उसासे टाकायलाय." नळ उसासे टाकतो, हे मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तिनंही वाचलेलं नव्हतं. ती अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातली, चौथीपर्यंत शिकलेली. बोलायला लागली की असं काहीतरी निघायचंच. मे महिन्यात दुपारी दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, "ऊन बघा कसं दाराशी ठाण मांडून बसलंय. निर्लज्ज पाव्हणा, चहा पिऊनबी उठंना." मी घोरायला लागलो की तिच्या लेखी मोट चालू व्हायची, तीही चाकाला तेल न घातलेली.

मी मराठीचा मास्तर. शहरातल्या एका शाळेत उभी हयात काढली. धडे, कविता सगळंच शिकवायचो, पण माझा हातखंडा विषय अलंकार. उपमा, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती, निर्जीव वस्तू माणसासारखी वागायला लागली की चेतनगुणोक्ती. झोपेत उठवून विचारा, व्याख्येसकट सांगेन.

आता हे मराठीचं वेड कुठून आलं तेही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील उर्दूत शिकले. त्यांच्या काळी, निजामाच्या राज्यात, शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, घरी बोलायची तेवढी मराठी. पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाल्या आणि चांगला शिकलेला माणूस बसल्या जागी अडाणी ठरला. मला म्हणायचे, "बेटा, आता मराठीचे दिवस. अशी शिक, की कुणाच्या बापाला हसता येऊ नये." शिकलो. पण कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तोंडून 'लई' निघालं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. पुण्याकडचे प्राध्यापक होते, त्यांनी मला उभं करून तेच वाक्य परत म्हणायला लावलं. त्या दिवसापासून मी 'लई'चं 'खूप' केलं, 'व्हय'चं 'होय' केलं आणि जिभेला असं घासून काढलं, की पुढं मला गावाकडं गेल्यावर धड बोलता येईना.

असलं हसणं ज्यानं सोसलंय, त्यानं निदान दुसऱ्याच्या वाट्याला ते येऊ देऊ नये. मी नेमकं उलटं केलं.

पुस्तकातल्या उदाहरणांत तेच ते कमळ आणि तोच तो चंद्र. दुपारच्या तासाला पोरं डुलक्या घ्यायची आणि माझं डोकं फिरायचं, कारण मी मुळातच तापट. असाच एकदा खडू आपटला आणि म्हणालो, "आमच्या मंडळी काय म्हणतात माहीत आहे का?" आणि नळाचं सांगितलं. डोक्यावर पदर घेतल्याचा आव आणून, तोटीला कान लावून, आवाज बारीक करून. 'नाय' जरा जास्तच लांबवला. वर्ग खो खो हसला आणि चेतनगुणोक्ती सगळ्यांना पाठ झाली. मग काय, सवयच लागली. शेजारणीकडं चहाला जाऊन आली आणि म्हणाली, "कपाचा तळ तर दिसलाच, तळाखालची बशीबी दिसली," की दुसऱ्या दिवशी अतिशयोक्तीला माझी सोय झाली. दरवर्षी नवा वर्ग यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, "सर, काकूंचं सांगा ना."

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. ती सकाळी माझ्या शर्टाला इस्त्री करायची, डबा हातात द्यायची आणि नळाबद्दल, उन्हाबद्दल, माझ्या घोरण्याबद्दल मन मोकळं करून बोलायची. मी ऐकत असायचो. तिला वाटायचं, नवरा किती मन लावून ऐकतो.

इथपर्यंतचं सगळं थट्टेवारी नेता आलं असतं. आता पुढचं.

आमची पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. पाळणा तिच्या माहेराहून आलेला होता, त्याला रंगीत चिमण्या बांधलेल्या होत्या. पाहुणे रावळे परत गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. बायको भिंतीकडं तोंड करून बसून राहायची. एकदा संध्याकाळी मी शाळेतून आलो तर तोंड न वळवताच म्हणाली, "त्यो पाळणा उचला इथनं. दिसभर माझ्याकडंच बघायलाय."

मी पाळणा उचलला. चिमण्या सोडल्या, माळ्यावर नेऊन ठेवला. लिहायला हात कचरतो, पण तो उचलत असतानाच माझ्या डोक्यात शब्द येऊन गेला होता, चेतनगुणोक्ती. मुलगी माझीही होती. तरी आला.

पुढच्या वर्षी अलंकार शिकवताना मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. या खेपेला पदर नाही, बारीक आवाज नाही. चांगलं धुऊन पुसून, शुद्ध करून लिहिलं, 'रिकामा पाळणा दिवसभर माझ्याकडे पाहत होता.' वर्ग एकदम गप्प झाला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे कुणाचं आहे?"

मी म्हणालो, "माझंच."

म्हणजे हसण्यासारखं होतं ते सगळं बायकोच्या नावावर आणि वर्ग गप्प करणारं तेवढं माझ्या. ते वाक्य मी मग दरवर्षी फळ्यावर लिहीत राहिलो. मध्यंतरी आम्हाला मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीला पुण्याला गेला. पाळणा माळ्यावरून खाली आला, परत वर गेला. फळ्यावरचं वाक्य मात्र कधी बदललं नाही.

निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला, औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये. बायकोनं ठेवणीतली पैठणी काढली. तिला माझ्या शेजारी स्टेजवर बसवलं आणि ओटीत नारळ दिला. एवढ्या लोकांसमोर बसायची तिची पहिलीच वेळ. माझ्याकडं कलून म्हणाली, "लई माणसं जोडलीत की तुमी." खूश होती.

पहिला बोलायला उठला तो आता मोठा व्यापारी झालेला. त्यानं माइक हातात घेतला, रुमाल डोक्यावर टाकला आणि मी करायचो तसं, अगदी तसंच, नळाचं करून दाखवलं. हॉल दणाणला. बायकोला आधी कळेचना. मग कळलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांबरोबर हसली. मी श्वास सोडला, म्हटलं, चला, निभावलं. मग चढाओढच लागली. उन्हाचा पाहुणा झाला, चहाची बशी झाली, मोट झाली. माझं घोरणं शहरभर माहीत होतं, हे त्या दिवशी मलाही नव्यानंच कळलं. प्रत्येक वाक्याला ती हसत होती, पण नारळावरची बोटं घट्ट होत चालली होती, ते मला दिसत होतं.

शेवटी एक बाई उठल्या. 'हे कुणाचं आहे?' विचारणारी पुढच्या बाकावरची तीच मुलगी, आता मुख्याध्यापिका झालेली. म्हणाली, "काकूंची वाक्यं आपल्याला हसवून गेली. पण सरांचं स्वतःचं एक वाक्य मी आयुष्यभर जपलंय." आणि तिनं पाळण्याचं वाक्य म्हटलं. तिचंही मूल गेलं होतं. म्हणाली, "तेव्हा कुणाचं बोलणं सहन होत नव्हतं. हे एकच वाक्य सोबतीला होतं. वाटायचं, कुणीतरी हे आधी पाहिलंय." तिचे डोळे भरले, लोकांचे भरले, टाळ्या वाजत राहिल्या.

बायकोनं टाळी वाजवली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कुणीतरी ओळखीचं दिसतंय पण नाव आठवत नाही, तसं.

मग माझी पाळी आली, माइक माझ्या हातात आला. एवढंच म्हणायचं होतं, की हे वाक्य माझं नाही, हिचं आहे. दोन सेकंदांचं काम. ज्या जिभेनं हेडमास्तरांनासुद्धा कधी सोडलं नाही, ती टाळूला चिकटली. मी मायबोलीची सेवा, विद्यार्थ्यांचं प्रेम असलं काहीबाही बोललो. लोक उभे राहिले. मी शाल सावरली आणि खाली बसलो.

रिक्षात नारळ, शाल, हार आणि आम्ही दोघं. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "काका, शादी की सालगिरह थी क्या?" मी म्हणालो, "सत्कार था."  घरी आल्यावर बायकोनं पैठणी सोडून घडी घातली आणि घडीवर हात फिरवत म्हणाली, "बाकीचं जाऊ द्या. हसली पोरं तर हसली. पण त्यो पाळणाबी नेला व्हय तुमी शाळंत?"

मी म्हणालो, "अगं, तुझंच कौतुक झालं की."

"ती बाई तर तुमचं म्हणाली."

 तिनं पैठणी कपाटात ठेवली आणि भाकरी टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून आवाज आला, "पाणी आलं नाही." 'नाय' नव्हे, 'नाही'. तेव्हापासून घरात पाणी येतं किंवा येत नाही. ऊन आहे. चहा झाला. मी घोरलो तर ती उठून दुसऱ्या खोलीत झोपते. मी गळ टाकून पाहिला, "काय गं, ऊन काय म्हणतंय आज?" ती म्हणाली, "ऊन आहे." ज्या मराठीसाठी मी जन्मभर जीभ घासली, ती शुद्ध मराठी आता आमच्या घरात बोलली जाते. मी माफी मागितली, सरळ हात जोडून म्हणालो, "चुकलो." म्हणाली, "जाऊ द्या. जेवून घ्या." त्या मुख्याध्यापिकेला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "सर, हा तुमचा मोठेपणा." परत सांगितलं, तर हसली आणि काकूंना नमस्कार सांगितला. मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. तो मोठेपणाही मी ठेवून घेतला.

मधे एकदा संध्याकाळी भाजी आणायला निघालो आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्यातून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको तिच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. गुडघ्यांबद्दल काहीतरी म्हणाली आणि स्वतःच इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग कुणाच्या तरी सुनेबद्दल, मग गॅसच्या शेगडीबद्दल. एकामागून एक. सगळं होतं तसं होतं, लई होतं, व्हय होतं, कुठंच गेलं नव्हतं. मी चप्पल हातात धरून उंबऱ्यात उभा राहिलो. ती काय म्हणाली ते इथं लिहिणार नाही. वरची वाक्यं गावभर झालेली आहेत आणि पाळण्याचं आता तिच्या शब्दांत, तिच्या नावावर लिहिलंय. बाकीची तिची आहेत.

गुडघ्यांचं आठवून मला हसू फुटलं. तिनं वळून पाहिलं. फोनमध्ये म्हणाली, "ठेवते गं. सर आलेत."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं मला कधी सर म्हटलं नव्हतं. मग मला विचारलं, "चहा करू का?"

हल्ली रोज संध्याकाळी मी तासभर फिरायला जातो. डॉक्टरनं सांगितलेलं नाही, मला फिरायची आवडही नाही. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसतो, लोक म्हणतात, सर तब्येतीला जपतात. परतताना कधी खिडकीतून तिचं हसणं ऐकू येतं, तेव्हा मी अलीकडंच थांबतो, शब्द कळू नयेत इतक्या लांब. हसणं सरलं की पुढं होतो आणि फाटकाची कडी उगीच दोन-तीनदा वाजवतो, म्हणजे तिला फोन ठेवायला वेळ मिळतो.