साहूजींची काळी भिंत

मी पोहोचले तेव्हा खोली पाडून झाली होती. देशकरकाकू विटांच्या ढिगाशेजारी मजुरांना चहा देत होत्या. माझ्या हातात काम थांबवण्याची नोटीस होती. त्यांनी मलाही कप पुढे केला. नोटीस द्यायला आलेल्या माणसाने चहा घ्यावा की नाही, हे आमच्या खात्याच्या कुठल्याच नियमात नाही. मी घेतला.

तेव्हा मी जबलपुरात पुरातत्त्व खात्यात होते. जुन्या वास्तूंची डागडुजी बघायची आणि त्यांच्या आसपास कोणी गुपचूप काही बांधत नाही ना, यावर डोळा ठेवायचा, हे माझं काम. काकूंच्या घरामागे गोंड राजांच्या काळातली एक बावडी आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्यामागे काळ्या खडकांची टेकडी. बावडी संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. पुढचे दोनशे मीटर परवानगी काढून करता येतं. लोक कुरकुरतात, की एका विहिरीपायी एवढा जाच? पण या शहरात किती खडक फोडून त्यांची गिट्टी झाली, ते मी पाहिलंय. ही बावडी आणि तिची टेकडी अजून एकत्र दिसतात, ती या जाचामुळेच.

काकूंचं घर बावडीच्या कुंपणाला जवळजवळ चिकटून. घर कायद्याच्या आधीचं, त्याबद्दल वाद नव्हता. असं घर दुरुस्त करता येतं, त्यातला मोडका भाग पुन्हा बांधताही येतो. मात्र लांबी, रुंदी, उंची पहिल्याइतकीच हवी, आणि परवानगी आधी हवी.

"मग आधी काहून नाही विचारलं, काकू?"

"दसरा होता ना मॅडम. दसऱ्याला मुहूर्त बघावा नाही लागत. आम्ही पाडून राहिलो होतो तर कोणी काही बोललं पण नाही."

मुहूर्त बघायचा नाही म्हणजे परवानगीही बघायची नाही, असा हा हिशेब. मी रागावणार होते. तेवढ्यात वरच्या खिडकीत काका दिसले. फॅक्टरीत फिटर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. पाडलेली खोली म्हणजे जुनं स्वयंपाकघर. ते गळत होतं, म्हणून नव्याने बांधून तिथे काकांची खाट आणि चाकाची खुर्ची आत जाईल असं बाथरूम करायचं होतं. तोवर काका वरच्या मजल्यावर. त्यांना उतरवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागत. दसऱ्यापासून ते अंगणात आलेच नव्हते. माझा राग तिथेच ओसरला.

खात्यातल्या आमच्या वरिष्ठ सरांना फोन केला. म्हटलं, होतं तेवढंच बांधायचंय.

"तेवढंच म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. जोतं शाबूत होतं, त्यामुळे लांबीरुंदीची चिंता नव्हती. उंचीचं काय? फोटो कोणाकडेच नव्हता. मागच्या स्वयंपाकघराचा फोटो कोण काढतं? सर म्हणाले, "उंची दाखवता आली नाही तर ते नवं बांधकाम. आणि नवं म्हणजे नाहीच." दिवाळी झाली की स्वतः पाहायला येतो, असंही म्हणाले.

फोन ठेवला आणि समोर बघितलं तर उत्तर भिंतीवरच होतं. खोली शेजारच्या साहूजींच्या भिंतीला टेकून उभी होती. वर्षानुवर्षांच्या चुलीने ती भिंत काळी झाली होती, आणि जिथे छत टेकत होतं तिथे काजळी सरळ रेषेत संपत होती. तुळयांची भोकंही रांगेने दिसत होती. मला अगदी हायसं वाटलं.

आणि त्याच भिंतीला शिडी लावून पुताईवाला, म्हणजे रंगारी, नीळ घालून चुना कालवत होता.

साहूजी घुश्शात होते. न विचारता खोली पाडली आणि त्यांची काळी भिंत गल्लीसमोर उघडी पडली, म्हणून दसऱ्यापासून देशकरांशी बोलणं बंद. मला म्हणाले, "मैडमजी, दिवाली में लक्ष्मीजी यही कालिख देखेंगी क्या?" भिंत त्यांची. चुना मारायला माझी परवानगी लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी मोजमाप घेतलं, फोटो काढले. पण आमचे सर डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणारे नव्हते. मी कायदा समजावला. साहूजींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुताईवाल्याला म्हणाले, "चलो भैया, शुरू करो."

तेव्हा काकू उठल्या. पदर खोचला आणि साहूजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भैया, गलती हमारी है. कालिख भी मेरे चूल्हे की है. दिवाली के बाद मैं खुद घिसके दूँगी. अभी रहने दो."

साहूजी वर खिडकीकडे बघत राहिले. मग विचारलं, "देशकरजी नीचे नहीं आते आजकल?"

"कैसे आएँगे, भैया?"

साहूजींनी पुताईवाल्याला शिडी उचलायला सांगितली. बाकी तीन बाजू करून घे, म्हणाले.

दिवाळीत मी मुद्दाम त्या गल्लीतून गेले. तीन बाजूंनी लखलखीत निळं घर आणि चौथी बाजू कुट्ट काळी. साहूबाईंनी पणत्यांची रांग त्या काळ्या भिंतीखालीच लावली होती. माझे डोळे भरून आले, ते मी कोणाला सांगितलं नाही.

सर आले, काजळीच्या रेषेपर्यंत टेप धरली, समाधान झालं. फाइल तिच्या चालीने फिरली आणि परवानगी आली. काकूंच्या मुलाला पुण्याहून वाटत होतं, लगे हाथ वर अजून एक खोली काढावी. त्याला नाही म्हणावं लागलं. छत इतकं बुटकं की सीलिंग फॅन बसेना, भिंतीवरचा लावला. काकूंनी बांधकामाआधी साहूजींची भिंत खरंच घासली. आता तर ती खोलीआड झाकली जाणार, कशाला घासता, असं साहूजी सांगत राहिले. काकूंनी ऐकलं नाही.

उन्हाळ्यात गेले तर काका अंगणात चाकाच्या खुर्चीत होते. समोर साहूजी, मध्ये चहा.

जुनं काही पाडायच्या आधी आम्हाला विचारा, हे मी तेव्हापासून प्रत्येक नोटिशीबरोबर सांगत आले. आणि आमच्याही आधी शेजाऱ्याला विचारा. हे दुसरं कायद्यात नाही, म्हणून तोंडी सांगते.