पाणी असं मारत न्हाय

"डाव्या कानात बोलू नका, बाई. त्यो कान कार्ताहेनात मेला. उजव्यात बोला, पन वरडून."

"वरडून सांगण्याजोगं असतं तर सगळ्या जिन्याला नसतं सांगितलं?" नेरेइदानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि माशांच्या टाकीखालच्या कपाटात वाकून निकानोरच्या उजव्या कानाला तोंड लावलं. "आवाज सगळा बंद करा, उस्ताद. ह्यांनी थोडा ठेवा म्हटलं असंल. तुमी सगळा बंद करा. पाण्याचा हुं का चूं ऱ्हायला न्हाय पायजे."

निकानोर कासेरेसनं कपाटातनं डोकं बाहेर काढून तिच्याकडं नीट पाहिलं. डावं कोपर तिनं बरगडीला घट्ट लावलेलं. हसली तरी कोपर जागचं हललं नाही. फासळी मोडलेला गडी रिंगणात असाच उभा राहतो.

"जिन्यावरनं पडले," ती म्हणाली.

"मी बी जलमभर जिन्यावरनंच पडलो," निकानोर म्हणाला, आणि पुन्हा कपाटात शिरला.

सकाळी नवरा, विल्फ्रीदो, बजावून गेला होता. बंदरावर त्याचे दोन ट्रक चालतात. बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी, त्यात समुद्राचे मासे. वरच्या टाकीतलं पाणी पाइपातनं खाली कपाटातल्या टाकीत पडायचं, तिथं गाळून पंपानं पुन्हा वर जायचं. पडताना असं घटाघटा बोंबलायचं की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नसे. "खालची म्हातारी गप बसंल एवढाच कमी करा," विल्फ्रीदो म्हणाला होता. "थोडं वाजलं पायजे. पानी वाजल्याबिगर मला घर घर वाटत न्हाय."

खालची म्हातारी म्हणजे बेतुलियाबाई. पाणी बोंबललं की ती झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. वर्ष झालं, ठोकत होती. पाण्यासाठी. दुसऱ्या कशासाठी तिनं कधी ठोकलं नाही.

निकानोर आमच्या बारांकियातला माणूस. गाव समुद्रापासनं आत, भुईमुगाच्या मळ्यात. तिथं पोरं चालायला लागली की एकमेकांचे दात पाडतात. हा पाडण्यापेक्षा पाडून घेण्यात हुशार निघाला. बॉक्सिंगमध्ये विजेता कधी झाला नाही. विजेत्यांनी सरावाला ज्याला बडवायचं तो हा. "पोतं फाटतं, निकानोर फाटत न्हाय," असं तालमीत म्हणायचे, आणि पोतं बाजूला सारून ह्याला पुढं ओढायचे. नाक तीनदा मोडलं. जिभेचा तुकडा एकदा रिंगणाच्या फळीवर पडला, तो त्यानंच उचलून खिडकीतनं कोंबड्यांना टाकला. कार्ताहेनात एका उंच पोरानं उजवा असा घातला की डाव्या कानातनं रक्ताची चिळकांडी पंचाच्या सदऱ्यावर गेली. त्या कानाला पुन्हा काही आलं नाही. उजवा हळूहळू पिकत गेला.

मग तालमीच्या मालकानं त्याला घरची माशांची टाकी धुवायला ठेवलं. पहिल्याच दिवशी ह्यानं काचेला तळवा लावला आणि हसला. सगळं हातात कळत होतं. पंपाची थरथर, पाइपातली ढेकर, पाणी कुठं अडलंय, वारा कुठं शिरलाय. आज ह्या बंदराच्या शहरात कुणाची टाकी बोंबलली की ह्या बहिऱ्याला बोलावणं जातं. लोक फिदीफिदी हसतात. आवाज मारायला बहिरा!

"पानी एकटं उतरलं तर मुकं असतंया," तो सांगतो. "वाऱ्याला संगं घेतलं की बोंबलतंया. वाऱ्याला हाकला, बास."

तसंच त्यानं त्या दिवशी चालवलं होतं. पंपाखाली रबराची जाड चकती सारली. पाइपाचं टोक खालच्या पाण्यात बोटभर बुडवलं. पाइपावर व्हॉल्व्ह बसवला आणि तो हळूहळू आवळायला लागला. आवळलं की पाइप पाण्यानं तुडुंब भरतो, वाऱ्याला जागा राहत नाही. जादा आवळलं तर वरची टाकी भरून वाहते. त्यासाठी जोडीला दुसरा मोकळा पाइप लावायचा असतो. तो अजून जमिनीवर पडला होता.

दुपारची वेळ. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. निकानोरचा तळवा पाइपावर. थरथर कमी झाली, आणखी कमी झाली, थांबली. पाइप गप्प झाला.

आणि तळव्यात धक् झालं.

दोन हलके, एक जड. निकानोरनं कपाळाला आठ्या घातल्या. कुठंतरी वारा राहिला म्हणायचा. व्हॉल्व्ह थोडा आवळला. पुन्हा दोन हलके, एक जड. जडाच्या वेळी पाइपच नव्हे, टाकीचा अख्खा सांगाडा हलला. त्यानं व्हॉल्व्हला शिवी घातली आणि आणखी आवळलं.

विल्फ्रीदो जेवायला घरी आला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. दार वाजलेलं कळलं नाही, शिव्या कळल्या नाहीत. टाकीमागच्या भिंतीपलीकडं झोपायची खोली. तिथं विल्फ्रीदो बायकोला विचारत होता, पाणी एवढं गप्प कसं झालं, कुणी सांगितलं. विचारायचा आणि मारायचा. तिची पाठ भिंतीवर आदळायची.

निकानोर तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह आवळणार, तोच त्याचा हात थांबला. तळव्यातली ती चाल त्याच्या ओळखीची होती. चाळीस वर्षं अंगावर घेतलेली.

"हे पानी न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "पानी दोन डावं आन एक उजवा असं मारत न्हाय."

तो कपाटातनं निघाला तो थेट खोलीत. नेरेइदा भिंतीला टेकून खाली घसरली होती, ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता. विल्फ्रीदोनं मान वळवली.

"भायेर हो, बहिऱ्या! मासं बघ जा!"

"काय म्हनालास?" निकानोर म्हणाला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

विल्फ्रीदोनं ठोसा घातला. निकानोरनं तो गालफडावर घेतला आणि पुढं सरकला. दुसरा भुवईवर बसला, भुवई उकलली, डोळा रक्तानं बुजला. हा पुढंच. तिसऱ्याला विल्फ्रीदोनं पलंगाखालची लोखंडी पहार उचलून हाणली, ती आडव्या धरलेल्या डाव्या हातावर बसली आणि मनगटाचं हाड काडकन गेलं. तेवढ्यात निकानोर त्याच्या छातीला जाऊन भिडला. एकच घातला. उजव्यानं, खालनं, काळजाच्या खाली. विल्फ्रीदोच्या तोंडातनं जेवण आणि वारा एकदमच बाहेर पडला. गुडघ्यावर आला. निकानोरनं केसांना धरून त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दोन दात फरशीवर घरंगळले. पुन्हा आपटायला हात मागं नेला.

"उस्ताद!" नेरेइदा ओरडली. हे मात्र त्याला ऐकू आलं. हात तसाच राहिला.

दारात बेतुलियाबाई उभी होती, हातात झाडू. तिच्यामागं तिसऱ्या मजल्यावरचा खाटीक, बनियनवर, झोपेतनं उठून आलेला. त्याच्यामागं जिनाभर माणसं. खाटकानं विल्फ्रीदोला उताणा केला आणि त्याच्या छातीवर बसला. "पोलिसांला कुनीतरी बोलवा रं," तो म्हणाला. "माझं पाय भरून यायच्या आत."

"आईशप्पत, पोरी," बेतुलियाबाई म्हणाली. "पान्याच्या गोंगाटात आमाला कधी कळलंच न्हाय बघ."

नेरेइदानं फाटका ओठ हातानं सावरला. "आता कळलं?"

म्हातारीनं झाडूकडं पाहिलं. "आता कळलं न्हाय असं कुटल्या तोंडानं म्हनू?"

नेरेइदा भिंत धरून उठली. कपड्यांच्या कपाटातनं एक पिशवी काढली. ती आधीच भरलेली होती. म्हातारीनं तिला खांद्याखाली धरलं आणि दोघी जिना उतरल्या. एकेका पायरीवर थांबत, कोपर बरगडीला लावून.

निकानोरला काखेत धरून कुणीतरी दवाखान्याकडं ओढत होतं. तेवढ्यात त्याच्या पायाला गार लागलं. बैठकीच्या खोलीत फरशीवर पाणी पसरलं होतं. वरची टाकी काठोकाठ भरून वाहत होती, आणि एक पिवळा मासा कडेवर तोंड उघडमीट करत होता.

"सोड मला," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह मीच जादा आवळलाय."

मोडका हात पोटाशी धरून तो कपाटात शिरला. उजव्यानं व्हॉल्व्ह केसभर सैल केला. वरचं पाणी उतरलं. पाइपाला तळवा लावून थोडा वेळ बसला, भुवईचं रक्त बाहीला पुसलं. मग जमिनीवरचा दुसरा पाइप दाताखाली धरला आणि एका हातानं त्याच्या टोकाला गोंद लावायला घेतला.