पहिला मान आजीचा

मी बी. ए. झालो तो माझ्या गावच्या गुरुजींमुळे. त्यांच्या गालातली जखम भरत नव्हती. पण तंबाखू खाणाऱ्या गुरुजींना "तपासून घ्या" म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

नागपुरात माझ्या शेजारी एक आजी राहायची. प्रत्येक वाक्य संपले की ती तंबाखूच्या डबीचे झाकण टक्कन लावायची. मोठ्या दवाखान्यात आपल्याशी कोणी नीट बोलत नाही, म्हणून आमच्या वस्तीतली म्हातारी माणसे तिकडे फिरकत नसत. शेवटी तोंडाचा कर्करोग तपासायला तिथल्या एक डॉक्टरीणबाईच आमच्या बुद्धविहारात आल्या.

माणसे तपासणीला बसवायचे काम माझ्याकडे होते. मी आधी तरुणांना बोलावले. कोणी उठेना.

"काहून गा, म्हाताऱ्यायच्या आधी पोट्ट्यायले बसवून राहिला?" म्हणत आजी पुढे आली. डबी माझ्या हातात देऊन तिने तोंड उघडले.

गालात पांढरा चट्टा निघाला. "वेळेवर आलात, आजी. तंबाखू सोडा, औषध घ्या," बाई म्हणाल्या.

आजी मागे वळली. "मले काही खाल्लं नाही वं बाईनं! या आता!"

हसत हसत रांग लागली. डबी आजीने परत मागितली नाही.

त्या संध्याकाळी मी गुरुजींना लिहिले:

"आदरणीय गुरुजी, सविनय जयभीम. येत्या रविवारी डॉक्टरीणबाईंना घेऊन गावी येतो. गावात सर्वांत वडील आपण. आपण बसल्याशिवाय कोणी बसणार नाही. पहिली खुर्ची आपलीच.

आपला विद्यार्थी."