खुर्चीच्या पाठीवरची ऑर्किड

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण, रोपवाटिकेत ऑर्किड बांधायच्या. बांधायच्याच, लावायच्या नाहीत. ती लाकडावर वाढते. त्यांच्या घरी मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, "वन्सं, हे बांडगूळ घरात कशाला?"

"बांडगूळ म्हणजे घरजावई, वहिनी. झाडाचंच खाणार. ही भाडेकरू. टेकायला जागा द्या, खाणंपिणं हवेवर."

त्या जातीला ब्रासाव्होला म्हणतात. माझी जीभ वळत नाही, वन्संची वळायची. पानं पेन्सिलीसारखी गोल, फूल पांढरं, मुळं रुपेरी. पाणी शिंपडलं की हिरवी होतात. दिवसा फूल नाकाशी धरा, काही नाही. दिवेलागणीला मात्र वासाने अख्खी खोली भरते.

वन्संचे यजमान सुतार. ते गेले तेव्हा एक खुर्ची पॉलिशवाचून राहिली होती. तिच्या पाठीला वन्संनी ऑर्किड बांधली. मुळांनी लाकूड असं कवटाळलं, की जणू कोणी मागून हात टाकलाय. फुलं आली आणि वास सुटला की वन्सं हातातलं काम ठेवायच्या.

"आले," म्हणायच्या, आणि दुसरा कप मांडायच्या.

"जिवंतपणी कधी वेळेवर आले नाहीत, आता बरे येतात!" मी म्हणायची. त्या हसायच्या. पण त्या खुर्चीवर कोणाला बसू देत नसत.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या माझ्याकडे राहिल्या. मागे घरात त्यांची नवी सून. मनाने सोन्यासारखी, सासरे तिने कधी पाहिलेच नव्हते. तिला वाटलं, बिचारं रोप लाकडावर उपाशी मरतंय. सुरीने मुळं सोडवली, काळ्या मातीच्या कुंडीत लावली, वर रोज पाणी. खुर्चीला छान पॉलिश केलं.

डोळा बरा झाल्यावर मी वन्संना घरी सोडायला गेले, तर सून म्हणाली, "आई, बघा कशी नवीकोरी दिसते!"

वन्संनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. मग कुंडी उपडी केली. मुळांचा चिखल झाला होता. एकच मूळ तेवढं टणक उरलं होतं.

"मातीत जीव गुदमरतो गं हिचा. मीच सांगायला हवं होतं."

सून हुंदके देऊन रडली. वन्संनी यजमानांच्या जुन्या सदऱ्याची पट्टी फाडून ते रोप परत खुर्चीला बांधलं. पॉलिशवर मूळ धरेना. रोज पाणी शिंपडायच्या, रोज संध्याकाळी समोर बसायच्या. कप मात्र मांडेनाशा झाल्या. मला म्हणाल्या, "वहिनी, त्यांना घराबाहेर काढल्यासारखं झालं हो."

माझ्याकडे थट्टा उरली नव्हती. मी संध्याकाळी जाऊन त्यांच्याजवळ बसून राहायची.

अशाच एका संध्याकाळी दिवा लावला आणि वास आला. तोच. मी उठून रोप निरखलं, पानं वर करून पाहिली. फूल सोडा, कळीसुद्धा नव्हती.

सून हात पुसत बाहेर आली. "मामी, फुललं का हो?"

"नाही गं."

ती खुर्चीकडे बघत राहिली. मग ती आत गेली, चहाचा कप घेऊन आली आणि खुर्चीसमोर ठेवला.

"बिनसाखरेचा आहे, बाबा," म्हणाली.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. यजमानांना साखर चालत नव्हती. ते तिला कोणी सांगितलं, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. त्यांना जागा व्हावी म्हणून मी माझी खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतली.