मैदानातल्या स्कूटीच्या दुपारी

आमच्या भाईंदर पूर्वेच्या मैदानाला आता कमान आहे, रंगीत दिवे आहेत, आणि आत शिरताच एक कारंजं आहे. लोक मुद्दाम थांबून फोटो काढतात. छान झालंय, मी नाही म्हणत नाही. पण मला तिथं पाऊल टाकवत नाही. संध्याकाळी मी फिरायला जाते ती बाहेरच्या रस्त्याने, रिक्षांचा धूर खात. घरचे म्हणतात, बागेसमोर राहून ही बाई रस्त्यावर काय चालते! चालते बाबा, पाय माझे आहेत.

आधी ते नुसतं मैदान होतं. कडेला एक घसरगुंडी, मोडके बाक आणि मधे भरपूर माती. सकाळ-संध्याकाळ पोरांचं क्रिकेट चालायचं, म्हातारी मंडळी कडेकडेने फिरायची. दुपारी मात्र मुलं शाळेत, पुरुष कामावर आणि म्हातारे झोपेत. तेवढा वेळ मैदान आम्हा बायकांचं. त्या वेळात आम्ही तिथं स्कूटी शिकायचो.

सुरुवात केली आमच्या बिल्डिंगमधल्या गुजराती भाभींनी. त्या स्वतः कुठे शिकल्या देव जाणे, पण मला त्यांनी शिकवलं. मी घाबरून ब्रेक दाबून उभी राहिले की ओरडायच्या, "गिरेगी तो उठेगी, कांच की थोड़ी है तू!" मी शिकले आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना शिकवलं. रीतच पडली तशी. जी शिकली तिने पुढचीला शिकवायचं. फी काही नाही, पण गाडी पहिल्यांदा एकटीने चालवली की सगळ्यांना वडापाव द्यायचा. आणि पूर्ण हात बसेपर्यंत घरी चकार शब्द बोलायचा नाही, कारण नवऱ्यांना कळलं की लगेच "कशाला हवंय तुला, मी सोडतो ना" सुरू होतं. सोडतात कधी, ते विचारू नका.

मैदानात गाड्यांना बंदी होती. फाटकावर तसा बोर्डच होता. पण तिथले वॉचमन काका घोडबंदर गावचे, मोठे दिलदार. आम्ही गाडी ढकलत आत आणली की खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. एकदा भाभींनी त्यांना चहा नेऊन दिला आणि गमतीने विचारलं, काका, आप हमको देखते नहीं क्या? तर म्हणाले, "मी काय बगितला न्हाय. माजी पाठ हाय तिकडं." आम्ही किती हसलो होतो तेव्हा.

त्यानंतर माझी धाकटी जाऊ शिकायला आली. माझे दीर, तिचा नवरा, अचानक गेले होते. धडधाकट माणूस, छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. जाऊ बिचारी दोन मुलं घेऊन आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होती. लग्नाआधी तिने परभणीला रक्त तपासणीचा कोर्स केला होता. तो कागद इतकी वर्षं ट्रंकेत पडून होता. तो घेऊन मी तिला मीरा रोडच्या एका लॅबमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या. त्यांनी समोर एकाचं रक्त घ्यायला लावलं, बघितलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण आमचं काम घरोघर जाऊन रक्त घ्यायचं आहे. दुचाकी आल्याशिवाय जमणार नाही. शिकून या, थोडे दिवस मी थांबते."

बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "आक्का, मला नाही जमायचं. मला साधी सायकल येत नाही." मी म्हटलं, गप्प बस. मला तरी कुठे येत होती?

दुसऱ्या दुपारपासून तिला मैदानात उभी केली. आधी नुसतीच गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवत जायची. रोज रडायची. भाभी तिच्यावर ओरडायच्या आणि मग घरून थेपले आणून तिलाच भरवायच्या. हळूहळू पाय वर घ्यायला लागली. आणि एका दुपारी ती मैदानाची अख्खी फेरी एकटीने मारून आली. गाडी थांबवली, आमच्याकडे बघितलं आणि हसली. दीर गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने त्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिले, काकांना दोन दिले. रस्त्यावर जायची हिंमत मात्र अजून नव्हती. मी म्हटलं, घाई नाही, अजून इथेच हात बसू दे.

त्याच सुमारास मैदानाचा आराखडा नव्याने करायचं ठरलं. मैदान कसं वापरायचं, कुठे काय ठेवायचं, निगा कोणी राखायची, हे सगळं लोकांना विचारून ठरवणार म्हणे. शाळेच्या हॉलमध्ये बैठक होती. मला तर आनंदच झाला. जन्मात कोणी आम्हाला असं विचारलं नव्हतं. मी जावेला आणि भाभींना घेऊन पुढच्याच रांगेत जाऊन बसले.

आराखडा करणारी मुलगी तरुण होती, गोड होती. तिने टेबलावर मैदानाचा मोठा नकाशा पसरला आणि सगळ्यांसमोर रंगीत टिकल्यांची पाकिटं ठेवली. जे हवंय त्याची पिवळी टिकली लावा, जे नकोय त्याची लाल लावा. आता आमच्याकडचा स्वभाव सांगते. इथे मराठवाड्याचे आहेत, कोकणातले आहेत, गुजराती, मारवाडी, यूपीवाले, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे एकाच जिन्यात. शेजाऱ्याच्या इच्छेला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, नाहीतर इतकी वर्षं एकत्र राहणं झालंच नसतं. भाभींनी कबुतरांना दाणे टाकायला चबुतरा मागितला. कबुतरांनी माझ्या खिडकीचा नुसता उकिरडा केलाय, तरी मीच म्हटलं, हो हो, करा. यूपीच्या काकांनी योगासनाला ओटा मागितला, शिंपीचाचांनी पिण्याच्या पाण्याचा नळ, ज्येष्ठ मंडळींनी बाक आणि छत. कोणाला व्यायामाची यंत्रं हवी होती, कोणाला कारंजं. सगळ्यांनी सगळ्यांना माना डोलावल्या. लाल टिकल्यांचं पाकीट तसंच बंद राहिलं.

मग त्या मुलीने नकाशाच्या मधोमध बोट ठेवलं आणि विचारलं, "ही मधली जागा सकाळ-संध्याकाळ खेळायला वापरतात, ते मी बघितलंय. दुपारी इथे काय असतं?"

आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे मिस्टर मागेच बसले होते. दाराशी वॉचमन काका उभे होते, आणि पालिकेच्या बागखात्याचे साहेब तिथेच खुर्चीवर. गाड्या आत आणतो म्हटलं असतं तर काकांची नोकरी गेलीच असती. तेवढ्यात माझी जाऊच बोलली. बैठकीत कधी तोंड न उघडणारी बाई, पण काकांसाठी बोलली.

"काही नाही मॅडम," ती म्हणाली. "दुपारी रिकामीच असते."

काकांनी हळूच सुटकेचा श्वास सोडला. आम्हीही सोडला. शाबास गं, असं मी तिच्या कानात म्हटलंसुद्धा. आणि त्या मुलीने कडेला दाटीवाटीने बसलेल्या पिवळ्या टिकल्या उचलून एकेक करत मधे सरकवायला घेतल्या. रिकामी जागा आहेच, मग बसवूया की सगळं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

पावसाळा सरला तसे मैदानाभोवती पत्रे लागले. मी धावत त्या मुलीच्या ऑफिसात गेले. म्हटलं, थोडी तरी माती मोकळी ठेवा, बायका तिथे गाडी शिकतात. काकांचं नाव मी घेतलं नाही. ती मनापासून हळहळली. म्हणाली, "ताई, हे त्या दिवशी का नाही सांगितलंत? शिकण्यासाठी दुपारची परवानगी घालता आली असती आराखड्यात. तशी सोय करता येते. आता हरकती घ्यायची मुदत संपली, कामं वाटून झाली." अशी सोय करता येते! मला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं होतं की बोर्डावर बंदी लिहिलीय म्हणजे विषयच संपला, ते तोंडातून काढायचंसुद्धा नाही. राग कोणावर काढायचा तेच कळेना.

पण जावेची शिकवणी सोडून चालणार नव्हतं. एका रविवारी सकाळी मी तिला चेणे गावाकडच्या आतल्या रस्त्यावर नेलं. बरी चालवत होती ती. मागून डंपर आला, त्याने कर्कश हॉर्न मारला, आणि ती गाडीसकट कडेच्या चिखलात गेली. लागलं फार नाही, नुसतं कोपर खरचटलं. पण परत गाडीवर बसायला तयार होईना. म्हणाली, "आक्का, पोरांना आता मी एकटीच आहे. मला काही झालं तर?" मी गाडी चिखलातून ओढून काढली आणि तिला मागे बसवून घरी आणलं. त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही.

डॉक्टरीणबाई आणखी काही दिवस थांबल्या आणि मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचा तरी काय दोष. जाऊ आता एका आजारी म्हातारीकडे बारा तासांच्या ड्युटीला जाते. शी-शू काढते, भरवते, कूस बदलते. कामाला मी कमी लेखत नाही. पण हातात एवढी कला असलेली बाई, तिचा कागद पुन्हा ट्रंकेत गेला, याचं मला फार वाईट वाटतं. मैदानाचं उद्घाटन झालं त्या संध्याकाळी ती नवीन बाकावर बसून म्हणाली, "छान केलंय नाही आक्का?" अगदी मनापासून म्हणाली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला साखरेची तपासणी करायला सांगितली. घरी येऊन रक्त नेतात म्हणून मुलाने फोनवरून नोंदवलं. जावेची त्या दिवशी सुट्टी होती, ती माझ्याकडेच मेथी निवडत बसली होती. बेल वाजली, तिनेच दार उघडलं. हातात हेल्मेट घेतलेली एक तरतरीत मुलगी उभी होती, गळ्यात त्याच लॅबचं ओळखपत्र. जावेने ते वाचलं. मी बघितलं ना तिला वाचताना.

माझी शीर लवकर सापडत नाही. त्या मुलीने दोनदा टोचलं, घाबरली बिचारी, नवीन होती. मेथीचे हात धुऊन जाऊ माझ्या शेजारी येऊन बसली. माझा दंड तिने वरून घट्ट धरला, कोपरात अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "इथे बघ," ती हळूच म्हणाली, "घाबरू नको." मुलीने तिथे सुई घातली आणि नळी लाल भरत गेली. "तुम्ही लॅबमध्ये होता का मावशी?" मुलीने विचारलं.

"नाही गं," जाऊ म्हणाली आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली.